जुबैलमध्ये एका लुटारू राजाचा शेवट

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी सौदी अरेबियाला जाऊन आले. परतल्यापासून मिरजेत जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, उंट पाहिलेत का? वाळवंट कसं आहे?" उंट पाहिले. वाळवंटही पाहिलं, आगगाडीच्या खिडकीतून ते चार तास एकसारखंच दिसतं. पण मी त्यासाठी गेले नव्हते. मी गेले होते काश्मीरच्या एका राजाचा शेवट पाहायला, आणि तो शेवट मीच लिहिलेला होता. म्हणून जरा सविस्तर सांगते.

राजाचं नाव हर्ष. इथेच सगळे चुकतात. हा कनौजचा दानशूर हर्षवर्धन नव्हे. हा त्याच्यानंतर साडेचार शतकांनी काश्मीरच्या गादीवर बसला. देखणा, बहुभाषी, स्वतः गाणी रचणारा, आणि देवळं लुटणारा. आधी त्याने देवळांचे खजिने रिकामे केले, मग धातूच्या मूर्तीच वितळवायला काढल्या. त्या कामावर खास अधिकारी नेमला, हुद्दा 'देवोत्पाटननायक', म्हणजे देव उपटून काढण्यावरचा साहेब. असा हुद्दा दुसऱ्या कुठल्या दरबारात असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पुढे बंड झालं, राजवाडा जळला, माणसं एकेक करून सोडून गेली आणि हा एका बैराग्याच्या झोपडीत लपून बसलेला असताना मारला गेला.

चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मी यावर दोन अंकी नाटक लिहिलं. मिरजेतल्या नाट्यमंडळींनी ते वाचून कौतुक केलं आणि कपाटात ठेवलं. ते करायला घेतलं सौदीतल्या जुबैल गावच्या मराठी मंडळींनी. त्यांच्यातला विनायक हा माझा जुना विद्यार्थी. त्याचा फोन आला, "बाई, राजा मी करतोय. तुम्ही यायलाच पाहिजे." माझी मुलगी अनघा रियाधला बँकेत कामाला आहेच, तेव्हा मुक्कामाचीही सोय होती. मी होकार देऊन टाकला.

रियाध

विमानतळावरच माझी शोभा झाली. राजाचा मुकुट चेपू नये म्हणून मी तो हातातल्या पिशवीत घेतला होता, सोबत दाढी आणि खोट्या मोत्यांच्या दोन माळा. तपासणीच्या तरुण अधिकाऱ्याने पिशवी उघडली, दाढी दोन बोटांनी वर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे सांगितलं, "ड्रामा. किंग." त्याने मुकुट उलटून आत पाहिलं. आत मिरजेच्या दुकानदाराने शाईने नंबर घातला होता. त्याला हसू आवरेना. शेजारच्या सहकाऱ्यालाही त्याने तो दाखवला, मग सगळं व्यवस्थित परत ठेवून म्हणाला, "खलास, मामा, यल्ला." खलास म्हणजे झालं, यल्ला म्हणजे चला, आणि इथे मोठ्या बाईला मामा म्हणतात, हे मला अनघाने नंतर सांगितलं, नाहीतर मी वाद घालणार होते.

रियाधचे दोन दिवस झोपण्यात आणि खाण्यात गेले. इथली कॉफी, गाहवा, पिवळसर असते, तिला वेलदोड्याचा वास आणि साखरेचा पत्ता नाही. सोबत खजूर खायचा. पहिला घोट मला काढ्यासारखा लागला. तिसरा कप मी मागून घेतला. कप भरत राहतात, नको असेल तेव्हा तो हातात जरासा हलवायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे अनघाच्या शेजारणीकडे मी सात कप प्यायले. आपल्याकडे ताटावर हात आडवा धरावा लागतो, इथे कप हलवावा लागतो, एवढाच काय तो फरक.

अनघाला सुट्टी नव्हती. तिने मला दम्मामच्या गाडीत बसवून दिलं. गाडीत शेजारी एक सौदी बाई होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी थर्मासमधून गाहवा दिला, मी दशम्या दिल्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच तोलाचं निघालं. त्याही शिक्षिका, आणि विषय इतिहास! मग काय विचारता. इतिहासाच्या तासाला जगभरची मुलं सारखीच पेंगतात यावर आमचं एकमत झालं. मी कुठे चालले ते सांगितल्यावर त्यांनी डोळे मोठे केले. "तुझ्या विद्यार्थ्याने तुला नाटकासाठी एवढ्या लांब बोलावलं? माझे विद्यार्थी रस्त्यात दिसले तर फुटपाथ बदलतात." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुबैल

दम्मामला विनायक घ्यायला आला होता. बावन्न वर्षांचा झालाय, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण वाकून नमस्कार करताना नववीतलाच वाटला. जुबैल तासाभरावर. ते सगळं आखीवरेखीव गाव आहे, सरळ रस्ते, लांबवर चिमण्या आणि त्यातल्या एकीच्या टोकावर भर दिवसा पेटलेली ज्योत. विनायक तिथल्या कारखान्यांत उपकरणं दुरुस्त करायचं काम करतो. करतो म्हणजे करत होता. सव्वीस वर्षांनी कंपनीचं कंत्राट संपलं, त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला आणि कायमचं परत जायचा शिक्का, ज्याला इथे सगळे 'फायनल एक्झिट' म्हणतात, तो लागला. महिनाअखेर निघायचं होतं. म्हणूनच त्याने मंडळाकडे हट्ट धरला होता, जायच्या आधी एकदा हा राजा करायचा. शुक्रवारी दुपारी चारचा प्रयोग ठरला होता आणि तो एकच होणार होता.

घरात अर्ध्या खोक्यांवर चिकटपट्ट्या लागल्या होत्या. विनायकची बायको सुनंदा हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिनेही राजीनामा दिलेला. बांधाबांधीला मदत म्हणून तिची आई दापोलीकडून व्हिसावर आली होती. त्यांना सगळे माई म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षं, काटक, नऊवारी, आवाज खणखणीत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुम्हीच काय तो देव फोडणारा राजा लिहिलात?" मी हो म्हटलं. "दुसरा कोण नव्हता?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुनंदाने हामूर आणला. हामूर म्हणजे आपला गोबरा. तिरफळं घालून असं कालवण केलं होतं की मी दोनदा भात घेतला. माई मात्र वरणभात घेऊन बसल्या. दापोलीची बाई, आणि समोर मासा असताना वरणभात? मी विचारलं तर म्हणाल्या, "मी सध्या देव पुजतेय ना. त्याला नैवेद्य दाखवते, मग मासे कसे खाऊ?" मला वाटलं स्वयंपाकघराच्या कपाटात त्यांचा छोटा देव्हारा आहे, त्याचं काहीतरी व्रत असेल.

जेवण झाल्यावर हात पुसायला त्यांच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. नाटकासाठी विनायकने तीन आठवडे खपून थर्माकोलची विष्णुमूर्ती कोरली होती, चांगली पाच फूट, वर सोनेरी रंग. घरात दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ती माईंच्या पलंगाशेजारी उभी केली होती. तिच्या कपाळाला गंध होतं. गळ्यात कागदी फुलांचा हार, पायाशी निरांजन, शिऱ्याची वाटी. माई आठ दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या समोर देव पाहत होत्या. पहिल्या दिवशी हात जोडले, दुसऱ्या दिवशी दिवा लावला, आणि तिसऱ्या दिवसापासून साग्रसंगीत पूजा सुरू झाली. दिवसभर परतीच्या कागदपत्रांमागे फिरणाऱ्या विनायकला याचा पत्ताच नव्हता. सुनंदाला होता, पण आई रमतेय ना, म्हणून ती गप्प बसली.

आणि पहिल्या अंकाच्या शेवटी याच मूर्तीला दोर बांधून तिला तोंडावर पाडायचं होतं.

तालीम

संध्याकाळी कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये तालीम होती. आधी विनायकने मोटारीच्या टपावर बांधून मूर्ती नेली, तीही चादरीत गुंडाळून. सौदीत घराच्या आत काय करता याची कुणी चौकशी करत नाही, पण पाच फुटी विष्णू उघड्यावर मिरवणं बरं नव्हे, एवढं इथल्या प्रत्येकाला कळतं. माईही आल्या, हातात डबा घेऊन. दिग्दर्शक डॉ. निकम हे भूल देणारे डॉक्टर. "मी दिवसभर लोकांना झोपवतो, नाटकात मला कुणी झोपलेलं चालणार नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य.

देवोत्पाटननायक करणारे कदम प्रयोगशाळेत काम करतात. त्यांचा आवाज दांडगा आणि अंगापिंडाने पैलवान. माईंनी सगळ्यांच्या हातावर शिरा ठेवला. कदमांनी दोनदा घेतला, बोटं चाटली आणि मग विचारलं, "कसला प्रसाद, माई?"

"त्या विष्णूचा," माईंनी रंगमंचाकडे बोट दाखवलं.

कदमांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी हातातला दोर हळूच खाली ठेवला. "डॉक्टरसाहेब, मला नाही जमणार. थर्माकोल आहे तोवर ठीक होतं. आता प्रसाद खाल्लाय मी त्याचा."

डॉक्टरांनी दुसऱ्याला सांगितलं. त्यानेही खाल्ला होता. तिसऱ्याने खाल्ला नव्हता, कारण त्याला मधुमेह, पण त्याने मूर्तीला येताजाता नमस्कार केला होता. बारा माणसांत पूजलेल्या देवाला दोर लावायला एक तयार होईना. मी मागे बसून पाहत होते. हर्षाला असा एक अधिकारी मिळायला किती शोधाशोध करावी लागली असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

विनायक पुढे झाला. "मी ओढतो. राजाच ओढेल."

"विनायकराव," माई म्हणाल्या, "तुम्ही हात लावायचा नाही."

"माई, तो मी बनवलाय. एसीच्या खोक्यातला थर्माकोल आहे तो."

"मग? दगडाचा देव कोण बनवतो? पाथरवटच ना?"

"अहो, नाटक आहे हे!"

"मला कळतंय नाटक आहे. मी काय खुळी नाही. पण मी आठ दिवस त्याच्यापाशी मागणं मागतेय. तुमच्यासाठीच." त्यांनी पदर खोचला. "सव्वीस वर्षांनी माणूस घरी जातो, हातात नोकरी नाही. तिकडे यांचा मान राहू दे, एवढंच मागतेय रोज. तुम्ही त्याला पाडलात तर माझं मागणंही पडलं."

सुनंदा तोंड फिरवून पडद्याआड गेली. डॉक्टरांनी हळू आवाजात पर्याय काढले. नवी मूर्ती? चार दिवसांत होणार नाही. तीन लहान मूर्ती आहेत, त्यांची पूजा झालेली नाही, नुसत्या त्याच पाडल्या तर? त्या फूटभर उंचीच्या, त्यांना पाडणारा राजा कुणाला भयंकर वाटणार? मग तो प्रवेशच गाळू, नाटक बंडापासून सुरू करू.

"बंड कशासाठी झालं ते दाखवायचंच नाही?" विनायक म्हणाला. "मग मी मरतो कशासाठी? प्रवेश गाळणार असाल तर मी करत नाही."

"आणि पाडणार असाल," माई म्हणाल्या, "तर मी गुरुवारच्याच विमानाने दापोलीला जाते."

सोमवारी सासूजावयांनी एकमेकांना चहा विचारला नाही. जावयाला ताट वाढून माई खोलीत जाऊन बसत आणि विनायक ते अर्धं टाकून उठे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची अशा घरात काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. मी खोक्यांवर नावं घालून दिली.

रास तनुराच्या बाजूला

मंगळवारी विनायक म्हणाला, "बाई, चला, समुद्र दाखवतो." रास तनुराच्या बाजूला जाताना एका बाजूला तेलाच्या प्रचंड टाक्या आणि कुंपणं, दुसऱ्या बाजूला एकदम उथळ, हिरवट, बशीतल्या पाण्यासारखा शांत समुद्र. कोकणातल्या समुद्राची गर्जना ऐकलेल्या माणसाला हा मुळी समुद्रच वाटत नाही. लांब तेल भरायला उभी असलेली जहाजं दिसत होती. रस्त्यावर एका अफगाण भट्टीतून तमीस घेतली होती, मोटारीच्या चाकाएवढी गरम रोटी, आणि वाटीभर फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या कडधान्याची उसळ, वर ऑलिव्हचं तेल. किनाऱ्यावर चटई टाकून आम्ही ती खाल्ली. रोटीचे तुकडे वाऱ्याने उडत होते आणि विनायक ते धरत होता.

"बाई, नववीच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही मला नाटकातून काढलं होतं. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. तसं सांगितलं.

"आदल्या दिवशी. मी वाक्य विसरलो. तुम्ही म्हणालात, तू पडद्याची दोरी ओढ. तेव्हापासून दोरीच ओढतोय. इथे आल्यावरही वीस वर्षं पडदा आणि लाइट. यंदा नेहमीचा हिरो बदली होऊन तिकडे यान्बूला गेला म्हणून मला राजा मिळाला."

"दोरी ओढायलाही अक्कल लागते," मी म्हटलं. हजारो मुलं हाताखालून गेली, प्रत्येकाची माफी मागत बसले तर उरलेलं आयुष्य पुरायचं नाही. पण तो हसला, अगदी मनापासून, आणि मला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी त्याला एक भूमिका मिळाली होती आणि तीही माझ्या नाटकापायी अडून बसली होती.

"मूर्ती पाडायचीच आहे असा माझा हट्ट नाही, बाई," तो म्हणाला. "पण या माणसाने काय केलं ते दिसलं नाही तर त्याचे पुढचे हाल म्हणजे नुसती फजिती. आणि एक विचारू? तुमचा राजा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाईटच आहे. तालमीत मला त्याला धरायला कुठे हँडलच सापडत नाही. त्याने आयुष्यात एक तरी बरी गोष्ट केली असेल ना?"

मी पुढचा घास तसाच हातात धरून बसले. कारण त्याने केली होती. हर्षाच्या पदरी एक गायक होता, राजाच त्याला गाणं शिकवायचा. मूर्ती वितळवण्याचा सपाटा चालू असताना त्या गायकाने राजापाशी एका मूर्तीसाठी शब्द टाकला आणि राजाने ती सोडून दिली. हे मला पक्कं माहीत होतं. मी वर्गात ते कधी सांगितलं नाही, नाटकातही घातलं नाही. दुष्ट राजाने मध्येच एक चांगली गोष्ट केली की मुलांचा गोंधळ होतो आणि पेपरात उत्तरं चुकतात. चौतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

मी विनायकला सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि गाळलंत?"

"गाळलं. आता गाडी काढ, मला कागद लागणार आहेत."

बुधवार, गुरुवार

बुधवारी मी सुनंदाच्या स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून नवा प्रवेश लिहिला. तीन लहान मूर्ती राजा पाडायला लावतो, मग वळतो मोठीकडे, दोर बांधला जातो, आणि गायक आडवा येतो. विद्यार्थी गुरूपाशी मागतो. राजा चिडतो, टाळतो, शेवटी म्हणतो, "ही ने. हिच्याकडे पाहून मला माझं गाणं आठवतं." एवढंच. आणि लगेच पुढच्या देवळाचं नाव विचारतो, कारण तो सुधारलेला नाही.

मूळची ती मूर्ती बुद्धाची होती, आमच्याकडे विष्णू होता. मूळचा गायक पुरुष होता, आमच्या बारा पुरुषांत सुरात गाणारा एकही नव्हता. सुनंदा गाते, वॉर्डात पेशंटसाठीही गाते. मी इतिहासाची शिक्षिका असून या दोन्ही गोष्टींवर पाणी सोडलं. डॉक्टर निकमांनी कागद वाचले आणि म्हणाले, "बाई, हे आधी लिहिलं असतंत तर मला दोन दिवस रक्तदाबाची गोळी जास्त घ्यावी लागली नसती."

माईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे माझा देव राहतो?"

"राहतो."

"आणि बाकीचे तीन?"

"ते पडतात. त्यांची पूजा झालेली नाही."

त्यांनी विचार केला. "येते मी. पण तो राजा मेल्यावर मला काय वाईट वाटायचं नाही, सांगून ठेवते. देव फोडणाऱ्याची तीच गत व्हायला हवी." जावयाशी मात्र त्या अजून बोलत नव्हत्या. तीन दिवस ज्याने त्यांचा शब्द मोडायची तयारी केली होती, त्याच्याशी बोलायला त्यांना आणखी वेळ हवा होता.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. कदमांनी लहान मूर्तींना दोर लावण्याआधी त्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली, हे मी स्वतः पाहिलं.

शुक्रवार

शुक्रवारची नमाज झाल्यावर गाव पुन्हा हललं आणि साडेतीनला हॉल भरू लागला. जुबैल, दम्माम, खोबर इथून शंभरेक माणसं आली होती. पैठण्या, गजरे, डब्यांतून कोथिंबिरीच्या वड्या. मुलं एकमेकांत इंग्रजीत कुजबुजत होती आणि आया मराठीत दटावत होत्या. पडद्यामागे विंगेत नारळ फोडला, नटराजाच्या फोटोला हार घातला. तिसरी घंटा झाली आणि मी उगाच चष्मा पुसायला घेतला. आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ आली की भलेभले गडबडतात हे मला आता पटलं आहे. माई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी होत्या.

विनायक आला तो राजा होऊनच आला. मुकुट त्याला जरा सैल होत होता, पण चाल राजाची होती. तीन मूर्ती कोसळल्या तेव्हा माईंनी डोळे घट्ट मिटले. सुनंदा पुढे आली, गायली, नवऱ्यासमोर गुडघे टेकून तिने तो देव मागितला. विनायकने किती वेळ घेतला! मला वाटलं वाक्य विसरला. मग तो हळूच म्हणाला, "ही ने." टाळ्या पडल्या. माईंनी डोळे उघडले, विष्णू जागेवर आहे हे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

दुसऱ्या अंकात राजा घसरत गेला. मंत्री सांगतात, आजच डोंगरातल्या किल्ल्यात निघून जा. हा म्हणतो, उद्या पाहू. सेनापती सांगतो, अजून वाट मोकळी आहे. हा म्हणतो, पळून गेलो तर लोक काय म्हणतील. लाल दिव्यांत राजवाडा जळाला. मुलगा मारला गेल्याची बातमी आली. प्रत्येक पुलावर बरोबरची माणसं कमी होत गेली आणि शेवटी एक स्वयंपाकी तेवढा उरला. मी लिहिलं तेव्हा हे सगळं कसं बरोबर, कसं न्यायाचं वाटलं होतं. आता ते बघवत नव्हतं. एकदा त्याने ती मूर्ती सोडली होती ना. त्यामुळे प्रत्येक वेळी वाटत होतं, आता ऐकेल, आता निघेल.

शेवटचा प्रवेश झोपडीचा. रंगमंचावर एक चटई, एक मडकं. राजाच्या अंगावर ओलं, फाटकं वस्त्र. दोन दिवस पोटात अन्न नाही. स्वयंपाकी म्हणतो, "महाराज, मी काहीतरी आणतो," आणि जातो. राजा एकटा बसतो. इथे मी लिहिलं होतं की तो बराच वेळ नुसता दाराकडे पाहतो. विनायक पाहत होता. मुकुट नव्हता, टक्कल उघडं होतं, हात मांडीवर पडलेले. हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा येत होता.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. माई उभ्या राहिल्या होत्या.

"अरे," त्या म्हणाल्या, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "जेवलास का रे तू?"

कुणीही हसलं नाही. एरवी ज्याला त्या विनायकरावांशिवाय हाक मारत नाहीत, त्याला त्यांनी अरे म्हटलं होतं. मी त्यांना हात धरून खाली बसवायला हवं होतं. मी बसवलं नाही. विनायकने मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. विंगेतून डॉक्टर निकम हळू आवाजात पुढचं वाक्य सांगत होते, मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

त्याने ते घेतलं नाही.

"वेळ राहिली नाही, माई," राजा म्हणाला.

आणि दार फोडून मारेकरी आत आले.

ते वाक्य माझं नव्हतं. मिरजेला आल्यावर मी नाटकाची नवी प्रत केली, तिच्यात ते घातलं आहे. त्याच्या आधी प्रेक्षकांतून कुणीतरी काहीतरी विचारायला हवं, हे मात्र लिहून ठेवायची मला सोय सापडलेली नाही.